धाकट्याला गाणं कळत नाही

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षं रेडिओवर गाणी लावत होता. सकाळी आठ ते नऊ. त्या तासात आमच्या शहरात न्हाव्याचा वस्तरासुद्धा त्याच्या बोलण्याकडे कान देऊन चालायचा. रिक्षावाले मला पत्ता विचारत नाहीत, "रेडिओवाल्याचे मोठे भाऊ ना?" म्हणतात आणि थेट घरी आणून सोडतात. असा माझा भाऊ. आणि त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

हे मी त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिही दादा. तू लिहिलंस म्हणजे कुणाचा विश्वास बसायचा नाही."

लहानपणी बाबा आम्हाला शिट्टी मारून जेवायला बोलवायचे. मी धावत यायचो. हा कुकरच्या शिट्टीलासुद्धा "आलो, बाबा!" करत यायचा. तीन शिट्ट्या झाल्या की तीनदा. आईनं कानाच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, आवाज पोचतो, फक्त सूर पोचत नाही. आईला काही कळलं नाही. मी सातवी शिकलेला, पण मला लगेच कळलं. मोटार चालू आहे, पातं फिरत नाही. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. निम्म्या शहराचे पंखे मी बांधलेल्या तारेवर फिरतात, त्यामुळे ह्यातलं मला कुणी शिकवू नये.

त्याला रेडिओवर लावला तो मी. तसा तो टायपिस्टच्या जागेसाठी गेला होता. मी सोबत. तिथं व्हरांड्यात दोन रांगा. एका रांगेवर पंखा नव्हता, दुसरीवर होता. पंखाही कसा, बेअरिंग नवंकोरं, आवाज नाही की डुगडुग नाही. मी म्हटलं, ही रांग. उभा राहा. ती निघाली निवेदकांच्या आवाजाच्या चाचणीची. आत चाचणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, काहीतरी वाचा. ह्याच्या हातात टायपिंगच्या सरावाचा कागद, त्यावर पाणी खात्याची सूचना, उद्या दुपारपर्यंत नळाला पाणी येणार नाही. ती त्यानं अशी मायेनं वाचली, की त्या बाईंनी चाचणी थांबवून घरी फोन केला आणि बादल्या भरून ठेवायला सांगितल्या. नेमणूक तिथल्या तिथं.

आता गाणं कळत नाही तर गाण्याबद्दल बोलणार काय? मग तो ऐकणाऱ्यांबद्दल बोलायचा. "काकू, हे गाणं संपायच्या आत दूध वर येईल, तिथंच थांबा." "कंगवा शोधताय ना? आरशामागं बघा." लोकांना कंगवे सापडायचे. बाकीच्या निवेदकांच्या तासाला दूध उतू जायचं, हे मी नाही, दूधवाला सांगतो.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी त्याच्याच तासात सहकाऱ्यांनी आठवणी सांगायच्या, तेही थेट, म्हणजे तोंडातून निघालं की गेलंच शहरभर. घरचा माणूस म्हणून मला बोलावलं. स्टुडिओ म्हणजे भोकाभोकांच्या भिंतींची खोली. दारावर लाल दिवा. तो लागला की शिंकायचीसुद्धा चोरी. मेजाभोवती आम्ही पाच जण. धाकटा, मी, साउंड इंजिनियर ज्याला सगळे चष्मा म्हणतात, तबकड्यांची लायब्ररी सांभाळणाऱ्या बाई, आणि दोनच महिन्यांपूर्वी आलेले नवे साहेब. मला तीन मिनिटं दिली होती. मी अकरा घेतली, ती कमीच पडली.

मग चष्मा बोलला. "एकदा तारेत बिघाड झाला आणि गाणं वाजलंच नाही. चार मिनिटं नुसती शांतता. आमची बोबडी वळली. आणि हे शांतपणे माइकवर म्हणाले, काय गोड गाणं होतं! श्रोत्यांची चाळीस पत्रं आली, तेच पुन्हा लावा म्हणून. काय प्रसंगावधान!"

प्रसंगावधान कसलं! त्याला खरंच वाटलं होतं की गाणं वाजलं. धाकटा माझ्याकडे बघेना.

बाई म्हणाल्या, "एकदा माझ्याकडून चुकून एकच तबकडी तीनदा गेली. ह्यांनी तिन्ही वेळा वेगळं नाव सांगितलं. लोक म्हणाले, तिसरं सगळ्यात छान. माझी नोकरी वाचवली हो ह्यांनी."

त्यानं काही वाचवलं नव्हतं. चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते वाचलं होतं. गाणं चालू असताना तो हेडफोन काढून नखं कापायचा. हे सगळं मला ठाऊक, आणि मला वाटायचं की जगात फक्त मलाच ठाऊक.

इतक्यात साहेब उठले. त्यांना कौतुकाची भारी हौस. म्हणाले, "श्रोतेहो, आता एक गंमत! मी एक गाणं माझ्या मोबाइलवरून लावणार. चिठ्ठी नाही, तबकडी नाही. आपले लाडके निवेदक नुसतं ऐकून ओळखणार. ह्यांच्यासाठी तर हा डाव्या हातचा मळ!"

धाकट्याचा चेहरा पांढराफटक. एकतीस वर्षांची अब्रू, आणि ती जायला पाव मिनिट पुरे होतं.

गाणं लागलं. तेवढ्यात चष्म्यानं चष्मा काढला, घातला, काढला, पुन्हा घातला. समोरून बाई दोन्ही हात हलवून कसल्या तरी खुणा करायला लागल्या. मी मेजाखालून धाकट्याचा पाय दाबला. लहानपणची आमची खूण होती. एकदा दाबला तर रडकं, दोनदा दाबला तर हसरं. दोनदा दाबला. बाई ओरडल्या, "आई गं!" पाय त्यांचा होता.

आणि मग आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. चष्मा चष्मा हातात धरून तसाच. म्हणजे ह्यालाही माहीत? बाईंनाही? दिवा लाल, बोलायची सोय नाही. बाईंनी नुसत्या भुवया उडवल्या. एकतीस वर्षं आम्ही तिघं एकच बिंग झाकून बसलो होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच.

गाणं संपलं. धाकट्यानं डोळे मिटले. मग तो बोलायला लागला, त्या बादल्या भरायला लावणाऱ्या आवाजात.

"ही अंगाई आहे."

लग्नाच्या वरातीत नाचायचं गाणं होतं ते. बाई बिचाऱ्या हातांनी नाच दाखवत होत्या, ह्याला पाळणा दिसला.

साहेबांना हसू आवरेना. "अहो, काहीतरीच! अंगाई इतकी जलद?"

"जलद असणारच, साहेब," धाकटा म्हणाला. "आई दमलीय. बाळ झोपत नाही. सिंकमध्ये भांडी पडलीत. सावकाश गायला वेळ कुणाला आहे? तिनं चाल वाढवलीय, म्हणजे बाळ लवकर झोपेल आणि तिला पाठ टेकता येईल. पुन्हा लावा, नीट ऐका."

साहेबांनी पुन्हा लावलं. शप्पथ सांगतो, मलाही अंगाईच वाटली.

फोन वाजायला लागला. पहिली एक बाई, कुजबुजत, "हळू बोला, आमचं झोपलं." दुसरे एक आजोबा, संतापलेले, "आमच्या निवेदकाला कोण हसलं? त्याला माफी मागायला सांगा." तिसरा फोन एका वादकाचा. त्या गाण्यात ड्रम त्यानंच वाजवला होता. तो रडत होता. "आम्हाला तेव्हा कुणी सांगितलंच नाही हो. सांगितलं असतं तर हलक्या हातानं वाजवला असता."

तास लांबला, आणि सव्वानऊला साहेबांनी माइकवर खुलासा वाचला. सदर गाणे ही अंगाईच असून आजवर ती वरातीत वाजवली गेली याबद्दल केंद्र दिलगीर आहे.

दिवा विझला. धाकटा तसाच बसून होता. चष्म्याकडे बघून म्हणाला, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"बाई, तुम्हाला?"

"पहिल्या. तुम्ही तबकडी उलटी धरून वा वा म्हणालात."

"मग मी एवढी वर्षं लपवत कुणापासून होतो?"

तो उठला, शर्ट नीट केला आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. मी ओळखलं, आता हा सांगणार. बाबांसारखाच, एकदा मनात आलं की पोटात राहत नाही.

"साहेब, मला गाणं कळत नाही. कधीच कळलं नाही. सगळं एकसारखं ऐकू येतं. आज अंदाजानं बोललो."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याला मिठी मारली. "बघा! एवढं ज्ञान, आणि म्हणतात काही कळत नाही! आजकालच्या पोरांना हे शिकवायला पाहिजे." आणि लगेच कारकुनाला सांगितलं, ह्यांचं 'मला गाणं कळत नाही' हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून व्हरांड्यात लावा.

धाकटा हवालदिल झाला. मिठीतूनच मान वळवून मला म्हणाला, "दादा, तू तरी सांग ना ह्यांना."

मी पुढं झालो.

"साहेब," मी म्हटलं, "घरीसुद्धा हा असाच नम्र आहे."