तहानेची परीक्षा घेणाऱ्या शालनताई

शालनताईंची आणि माझी पहिली भेट आटपाडीच्या मसणवट्यात झाली. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरव अंकात हे लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ताईंवर लिहायचं आणि मसणवटा टाळायचा, हे काही जमेना.

तेव्हा मी सांगलीत नुकतीच रोपवाटिका काढली होती. बंगलेवाल्यांना नाजूक रोपं विकायची आणि चैत्रात त्यांची बोलणी खायची, असा धंदा चालला होता. उन्हाला टिकणारी फुलझाडं शालनताईंकडेच मिळतात असं कळलं म्हणून गेले, तर घराला कडी. शेजारीण सहज म्हणाली, "मसणात आसतील बघा."

भर दुपारी तिथं चिटपाखरू नव्हतं. चितेच्या चौथऱ्यामागे मुरमात कण्हेर, बोगनवेल, अडेनियम आणि पांढरा चाफा ओळीनं उभे होते. ताई पाठमोऱ्या होत्या. वळून न पाहताच म्हणाल्या, "आवं, पावणी आलीया." मी इकडेतिकडे पाहिलं. आम्हां दोघींखेरीज कुणीच नव्हतं.

"हितं कोन पानी घालाय येत न्हाई," त्यांनी मला समजावलं. "एक उन्हाळा काढला, तरच झाड लोकांच्या दारात जाईल." बाईमाणसानं तिथं जाऊ नये म्हणून गावानं नाना परींनी सांगून पाहिलं होतं. ताईंनी ते कानाआड केलं.

त्यांचे यजमान फौजेतले सुभेदार. पाण्यावाचून काढलेले दिवस त्यांच्या मनातून गेले नव्हते, त्यामुळे तहानलेलं झाड त्यांना बघवत नसे. ताईंची पाठ वळली की ते कळशी घेऊन जात. मग ताई ती सगळी रोपं उपटून टाकत आणि घरात अबोला धरत. मी गेले तेव्हा सुभेदारसाहेबांना याच मसणवट्यात अग्नी देऊन वर्ष होत आलं होतं.

त्या दुपारी ताईंनी कण्हेरीच्या बुडाशी बोट खुपसलं आणि मला दाखवलं. माती ओली होती. भोवतालची जमीन भेगाळलेली, जवळ नळ नाही, विहीर नाही, धुळीत पावलं फक्त आमचीच. मी दोन पावलं मागे सरले. ताई मात्र रागावल्या होत्या. "आवं, पुरं करा आता! लोकांच्या दारात झाडं मेली तर माझं त्वांड कुटं दावू?" म्हणत त्यांनी अख्खी ओळ उपटली. त्या रात्री मी ताईंकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी माती कोरडी होती. त्या कोरड्या मातीवर बसून ताई खूप रडल्या.

अशी पारखलेली रोपं आज माणपासून सांगलीपर्यंत कितीतरी अंगणांत फुलताहेत. एका बंगल्यात मी घेतलेली पहिली बाग लावायला ताई स्वतः एसटीनं, मांडीवर रोपांचं पोतं घेऊन आल्या. "मुळापातूर पानी द्यायचं, मग विसरायचं. लाडानं झाड कुजतं, बाई," असं मालकिणीला तोंडावर सुनावून गेल्या. ती बाग अजून जोमात आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मी त्यांच्यासोबत गेले, तर चाफ्याच्या बुडाशी पुन्हा ओल. ताईंनी या वेळी काहीच उपटलं नाही. त्या शेजारी टेकल्या, ओली माती तळव्यात धरून बसल्या.

"हाक मारत्यात," त्या म्हणाल्या.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, येते. येवढी रोपं लोकांच्या दारात गेली की येते."

मी घाबरले, हे कबूल करते. तेव्हापासून मी सारखी नवी कलमं घेऊन आटपाडी गाठते. प्रत्येक कलमाला एक उन्हाळा काढायचा असतो, आणि तो बघायला ताई लागतात. त्या कुरकुरतात, "किती आनशील गं?" आणि कुदळ उचलतात.

शालनताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि सुभेदारसाहेब, पाणी हवं तेवढं घाला. हाक तेवढी मारू नका.