एका माशाचं जेवण

बंगाली दुकानदाराने मला चक्क फसवलं. "शॉब खाय, दीदी," म्हणाला. सगळं खातो म्हणे! घरी आणल्यावर तो मासा कशाला म्हणून तोंड लावेना. फ्रीझरमधलं खाणं टाकलं, महागडे दाणे टाकले, पण पठ्ठ्या ढुंकून बघेल तर शपथ. मग कळलं की या मँडरिन माशाला लागतात फक्त जिवंत कोपेपॉड. म्हणजे खाऱ्या पाण्यातले, कोळंबीच्या जातीचे, पण रव्याच्या कणाएवढे किडे. तेही दिवसभर, एकेक टिपून.

खाऱ्या पाण्याची टाकी हा माझा जुना छंद, पण हा मासा मी बाबांसाठी आणला होता. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेलीच होती. पेपर सुटला, टीव्ही सुटला, मलासुद्धा आवाजावरून ओळखायचे. पण टाकीचा दिवा लावला की निळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला हा भडक मासा त्यांना दिसायचा. तेवढाच दिसायचा. "अगं, तो बघ, दगडावर बसलाय!" असं ओरडायचे, आणि मला शाळेत शिकवायला जायला उशीर झाला तरी मी तिथे उभी राहायचे.

आणि तो उपाशी मरत होता. पोट खपाटीला गेलेलं मला दिसत होतं, बाबांना दिसत नव्हतं. रोज विचारायचे, "जेवला का गं आपला?" मी म्हणायचे, "हो बाबा, जेवला."

शेवटी किडे घरीच वाढवायचे ठरवलं. आमच्या बालीगंजच्या फ्लॅटच्या बाल्कनीत घरातली सगळ्यात मोठी बादली ठेवली, खारं पाणी केलं, हवेची नळी सोडली, ओळखीच्या एका टाकीवाल्याकडून मूठभर जिवंत किडे मागून आणून सोडले, त्यांना खायला हिरवं शेवाळाचं पाणी घातलं. पहिल्यांदा उन्हाने सगळे मेले. दुसऱ्यांदा शेवाळ जास्त झालं, पाणी नासलं, वास सगळ्या मजल्यावर. मी रडले, बादली घासली, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा टॉर्च धरला तर उजेडाकडे पांढरी रांगोळी सरकत आली. देवा रे, काय आनंद झाला मला! रोज सकाळी एक पेलाभर पाणी फडक्यातून गाळून ते किडे टाकीत सोडायचे. मासा टिपायला लागला. पोट जरा वर आलं.

तेवढ्यात आमचा दीड दिवसाचा गणपती आला. गंगेच्या मातीची छोटी मूर्ती. विसर्जन दरवर्षी घरातच, बाल्कनीत, मोठ्या बादलीत. या वर्षी मी दुसरी बादली भरून न्हाणीघरात ठेवली होती आणि बाबांना तसं सांगितलंही होतं, मोठीत काय वाढतंय ते मात्र नाही. आरती झाली. शेजारच्या बंगाली बायकांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले, तिथेच अर्धा तास गप्पांत गेला. परत येते तर चौरंग रिकामा आणि बाबा हात पुसत बाल्कनीतून येतायत.

"झालं गं विसर्जन. तू कुठे गेली होतीस?"

मी धावले. मोठ्या बादलीत बाप्पा निम्मे विरघळलेले, पाणी गढूळ, वर सोनेरी रंगाचा तवंग. आता बाप्पाला बाहेर काढू की किड्यांना वाचवू? कोपरापर्यंत हात घालून ओंजळी ओंजळीने माती उपसली, फडक्यातून पाणी गाळलं, टॉर्च धरून बसले. काही म्हणजे काही हललं नाही. मागून बाबा विचारत होते, "काय शोधतेस गं?" मी म्हटलं, "काही नाही, फुलं काढतेय."

रविवारी बागबाजाराकडच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गेले. कोपेपॉड कुणाकडेच नव्हते. एकाने दुसऱ्याच कसल्यातरी किड्यांची सुकी अंडी दिली, ती फुटलीच नाहीत. नवं पाणी केलं, पण त्यात सोडायला मूठभर तरी जिवंत किडे हवेत ना! आधी किडे देणाऱ्या टाकीवाल्याकडचेही संपले होते; आणखी कुणाकुणाला फोन केले, विनवण्या केल्या. मासा दगडाला टेकून नुसता पडून राहायला लागला. बाबांना वाटायचं, आराम करतोय.

एका सकाळी ते टाकीसमोर बसले आणि बराच वेळ शोधत राहिले. "दिवा लाव ना गं."

दिवा लावलेलाच होता. मला खोटं बोलवेना. "गेला तो, बाबा," म्हटलं.

ते नुसते काचेकडे तोंड करून बसून राहिले. मी चहा आणून ठेवला, तोही निवून गेला. दुपारी जेवताना एकदम म्हणाले, "पुढच्या वर्षी गणपती आणू नकोस."

"का हो?"

"आयुष्यात मी कधी काही मागितलं नाही त्याच्याकडे. या वेळी पाण्यात सोडताना त्याच्या कानात सांगितलं, माझा मासा जगव. एवढंच. तेही त्याला जमलं नाही."

बादलीचं ओठांवर आलं होतं माझ्या. सांगितलं असतं, तर देवावरचा राग त्यांनी स्वतःवर काढला असता, मरेपर्यंत.

"बरं," मी म्हटलं, "नाही आणणार."