नववीला आज कोण?

बाई शिक्षकखोलीच्या दारात आल्या की आतलं बोलणं एकदम बंद पडायचं. एकाला रुमाल सापडत नसायचा, दुसरीला आत्ताच्या आत्ता वह्या तपासायच्या असायच्या, आणि तिसरा पाणी प्यायला म्हणून जो उठायचा तो घंटा होईपर्यंत परत यायचा नाही. बाईंच्या हातात खडू असायचा. न आलेल्यांचे तास कुणाच्या गळ्यात घालायचे, ते त्या भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर लिहायच्या. या कामावरून त्यांचं नाव पडलं होतं प्रॉक्सीबाई. मुलंही पाठीमागे तेच म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

मुळात त्या गणिताच्या. वेळापत्रक लावायचं काम त्यांच्याकडे आलं ते हौसेनं. सुट्टीत घरच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत कागदाचे चौकोन मांडून त्या बसायच्या. कुणाचे सलग तास येऊ नयेत, जेवणानंतर लगेच लहान मुलांना गणित नको, हे सगळं त्या जमवायच्या, आणि जमलं की एकट्याच हसायच्या. नवरा म्हणायचा, "झालं का लग्न जमवून?" तेव्हा कुणी रजेवर गेलंच तर ते तापामुळे नाहीतर घरच्या कार्यासाठी. त्याचा तास दुसऱ्यानं घ्यायचा आणि बदल्यात त्याच्याकडून चहा उकळायचा, एवढाच तो मामला होता.

मग माणसं जायला लागली. विज्ञानाचे सर मोबाईलवर धडे विकणाऱ्या एका कंपनीत गेले. इतिहासाच्या सरांचं आणि भूगोलाच्या बाईंचं लग्न शाळेतच जमलं होतं, ती दोघं जोडीनं परदेशी गेली. निवृत्त झालेल्यांच्या जागा वरून भरल्याच गेल्या नाहीत. नवीन यायचे ते वर्षाच्या करारावर, तेही अर्ध्यातून निघून जायचे. आधी निरोपाचा कार्यक्रम व्हायचा, फोटो निघायचा. पुढे नुसता ग्रुपवर मेसेज यायला लागला, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. रिकाम्या खुर्च्या शिपाईमामांनी प्रयोगशाळेत एकावर एक रचून ठेवल्या. तिथे तसंही कुणी जात नव्हतं.

या सगळ्यात बाईंना आधार होता तो एका मैत्रिणीचा. ती भाषा शिकवायची. दोघी एकाच आठवड्यात नोकरीला लागल्या होत्या आणि तेव्हापासून शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसत आल्या होत्या. मैत्रिणीचा आवाज असा खणखणीत, की ती वरच्या मजल्यावर कविता म्हणायला लागली की मैदानातली मुलं खेळता खेळता पुढची ओळ म्हणायची. बाई फळ्यापाशी गेल्या की इतरांना कामं सुचायची, ही मात्र खडूची डबी उचलून उभी राहायची. "बोल, कुठला वर्ग?" बाकीच्यांशी बाईंना हुज्जत घालावी लागे, कुणाची मनधरणी करावी लागे, कुणाला मागच्या उपकाराची आठवण द्यावी लागे. हिचं नाव लिहिलं की काम संपलं. साहजिकच हिचं नाव सगळ्यात जास्त वेळा लिहिलं जायचं.

तिचा घसा बसायला लागला ते बाईंना दिसलं नाही असं नाही. आधी खोकल्याच्या गोळ्या आल्या, मग गरम पाण्याचा थर्मास आला. दुपारनंतर ती खुणांनीच बोलायची आणि हसायची. बाई मनाशी म्हणायच्या, उद्यापासून हिला एकही जादा तास द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं यायची नाहीत, हातात खडू आणि समोर रिकामा चौकोन, नववीची मुलं वर बाकं वाजवत असायची. मग आजच्या दिवस, असं म्हणून त्या मैत्रिणीचं नाव लिहायच्या.

त्यांनी मुख्याध्यापकांकडे तगादा लावला. सर भला माणूस, पण त्यांचेही हात बांधलेले. "बाई, जाहिरात दिली. मुलाखतीचा दिवस ठेवला. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. एकच जण आला! त्यानं सगळं विचारून घेतलं, मोठ्या वर्गात डोकावून पाहिलं, आणि कागदपत्रं घेऊन येतो म्हणून गेला तो गेलाच."

एका संध्याकाळी जेवताना बाईंनी लेकीपुढे विषय काढला. लेक विज्ञान शिकलेली, रंगांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. "तुला कंटाळा आलाय म्हणतेस ना तिथे? वर्ष संपेपर्यंत आमच्याकडे येशील? विज्ञानाला कुणीच नाही गं."

लेकीनं घास खाली ठेवला. "आई, मी शिक्षिका व्हावं असं तुला कधी वाटलं होतं?"

"आत्ता विचारतेय ना."

"दहावीनंतर मी विचारलं होतं तुला. तू काय म्हणालीस? दुसरं काहीही कर, पण या धंद्यात पडू नकोस."

नवऱ्यानं मान खाली घालून ताटातलं संपवलं. बाईंनी लेकीला आणखी वाढलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. शाळेतल्या कितीतरी हुशार मुलींना आपण हेच सांगत आलो, हे त्यांना भांडी आवरताना आठवलं. प्रेमानंच सांगितलं होतं सगळ्यांना.

मग तापाची साथ आली आणि शिक्षकखोली निम्मी ओस पडली. बाईंनी नववीच्या दोन्ही तुकड्या हॉलमध्ये एकत्र बसवल्या आणि तिथे मैत्रिणीला पाठवलं. स्वतःही दोन वर्गांच्या मधल्या दारात उभं राहून त्या इकडे बीजगणित आणि तिकडे भूमिती शिकवत होत्या. मधल्या वेळात त्या हॉलवरून चालल्या तर आत अगदी शांतता. त्यांना बरं वाटलं. हिच्याशिवाय कुणाला जमलं नसतं हे, असं म्हणत त्यांनी सहज आत पाहिलं.

मैत्रीण फळ्यापुढे उभी होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होता, मानेच्या शिरा ताणलेल्या होत्या, आणि आवाज काही येत नव्हता. पुढच्या बाकावरची मुलं श्वास रोखून बसली होती. एक मुलगी उठून दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, यांना काय झालंय? मघापासून असंच चाललंय."

डॉक्टरांनी सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. शस्त्रक्रिया होईल, बोलता येईल, पण वर्गात उभं राहून शिकवण्याचं विसरा. मैत्रिणीनं बसून करायचं काही काम मागितलं. तशी जागाच नाही, असं वरून उत्तर आलं. तिनं राजीनामा दिला.

बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. शस्त्रक्रिया होऊन गेली होती, पण अजून बोलायची बंदी होती. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घशावर जास्तच ताण येतो म्हणे. ती मोबाईलवर लिहायची आणि पडदा बाईंच्या पुढे धरायची. शाळेच्या गप्पा झाल्या, कोण आजारी, कोण जाणार, कुणाचं कुठे जमतंय. मग बाईंना राहवलं नाही.

"तू एकदा तरी नाही म्हणायचंस गं. मी दुसरं कुणी बघितलं असतं."

मैत्रीण बराच वेळ लिहीत, खोडत राहिली. शेवटी पडदा पुढे आला तेव्हा त्यावर एवढंच होतं : तू विचारलंस कधी? तू नाव लिहायचीस.

चिडून लिहिलं होतं असंही नाही. तिनं लगेच उठून बाईंसाठी चहा टाकला.

दुसऱ्या दिवसापासून त्या फळ्यावर लिहीनाशा झाल्या. त्या शिक्षकखोलीत यायच्या आणि एकेकापुढे उभं राहून विचारायच्या, "आज जमेल का?" पहिल्या दिवशी लोकांना ती थट्टा वाटली. मग कुणी चाचरत म्हणालं, "बाई, आज खरंच नाही होणार." बाई म्हणाल्या, "बरं." आणि पुढे गेल्या. त्या दिवशी बरेच वर्ग रिकामे राहिले. बाईंनी स्वतः एक घेतला आणि उरलेल्या वर्गांची नावं सरांना जाऊन सांगितली.

"असं कसं चालेल?" सर खुर्चीतून उठलेच. "कुणालातरी घाला तिथे!"

"कुणाला घालू सर? माणूस नाही तिथे माणूस नाही. घरी सोडा मुलांना. पालकांना कळू दे एकदाचं."

पालकांना कळलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी गर्दी झाली. बाईंना वाटलं होतं, ही माणसं आपल्या बाजूनं वरती भांडतील. त्यांनी बाईंनाच घेरलं. एक बाप बोट नाचवत म्हणाला, "पगार मोजून घेता ना? मग शिकवायला काय होतंय?" बाई सांगायला गेल्या तर त्या गलक्यात त्यांचं कुणी ऐकेना. काही जणांनी पुढच्याच महिन्यात मुलांची नावं काढून दुसऱ्या शाळेत घातली. तिथेही फार वेगळं चित्र नव्हतं, पण इमारत नवी होती.

सरांनी फळ्याचं काम बाईंकडून काढून चित्रकलेच्या तरुण बाईंकडे दिलं. ती पोर बिचारी संकोचानं लाल झाली, पण नावं लिहायला लागली. नववीची भाषा तिनं बाईंच्या नावावर टाकली. बाईंनी खडूची डबी उचलली आणि त्या जिना चढल्या.

गणितात त्यांना कुणी अडवू शकलं नसतं. इथे मात्र त्या कवितेच्या दुसऱ्याच कडव्यावर अडकल्या. एका मुलानं ओळीचा अर्थ विचारला. त्या म्हणाल्या, "उद्या सांगते." संध्याकाळी त्यांनी मैत्रिणीला फोन लावला. बोलायची बंदी उठली होती, तरी थोडंच बोलायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मैत्रिणीनं फोन घेतला. बाईंनी ओळ वाचून दाखवली, आणि पलीकडून घासलेल्या, फाटक्या आवाजात ती सांगायला लागली. आधी शब्दाचा अर्थ, मग त्यामागचा, मग मुलांना कुठलं उदाहरण द्यायचं ते. तिला थांबवेना. मध्ये खोकला आला, ती पाणी प्यायली आणि पुन्हा सुरू झाली. बाई ऐकत राहिल्या. बरंच ऐकून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, आपण पुन्हा तेच करतोय.

"राहू दे," त्या घाईनं म्हणाल्या. "कळलं मला. तू बोलू नकोस आता."

"कुठे कळलं? शेवटच्या ओळीचं राहिलं," मैत्रीण म्हणाली.

"मी बघते गं. ठेव तू." आणि बाईंनीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पहिल्या ओळींचा अर्थ सांगितला, मैत्रिणीनं सांगितला होता तसाच, तिच्याच उदाहरणासकट. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या.

"ही मला नाही येत," त्या म्हणाल्या.

मुलं हसतील असं त्यांना वाटलं होतं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मग आमच्या बाई परत कधी येणार?"

"त्या नाही येणार."

"मग नवीन कोण येणार?"

बाईंनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. "माहीत नाही मला," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या धड्याचं पान काढायला सांगितलं.