विरजणाची अट

माझी शाळेपासूनची मैत्रीण सुरेखा गेल्याचा फोन आला तेव्हा कर्नाटकातल्या भालकीत, माझ्या दुकानात, एक म्हातारबा पहाणीचा, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याचा, कागद घेऊन बसले होते. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. कागद कन्नडमध्ये होता. आमच्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांसारखं त्यांनाही कन्नड बोलता येत होतं, सगळं समजत होतं, पण वाचता येत होती ती फक्त आपली देवनागरी अक्षरं. मी कागद स्कॅन करून ‘वळख’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये टाकला होता आणि तीच कन्नड वाक्यं पडद्यावर देवनागरीत उमटली होती. फोनवर सुरेखाचा धाकटा भाऊ दत्ता एवढंच म्हणाला, “ताई, अक्का गेली...” कावीळ झाली म्हणून दवाखान्यात होती, आता घरी सोडणार असं आदल्या दिवशीच कळलं होतं. मी खुर्चीत बसून राहिले. म्हातारबांनी जरा वाट बघितली आणि म्हणाले, “पडदा काळा झालाय की, बाई. फुडचं दावा.” मी माऊस हलवला. ते बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, आपल्या शेताच्या चारी बाजू, आपल्याच बापाचं नाव. हे ‘वळख’ जिनं लिहिलं ती बाई आत्ताच गेली, हे त्यांना सांगणं माझ्यानं झालं नाही.

नंतर शोकसभा झाली. तिथं एक वक्ते उभे राहिले आणि म्हणाले, “सुरेखाताई साध्या होत्या हो. आपलं सगळं सॉफ्टवेअर त्यांनी जगाला फुकट वाटून टाकलं.” माझं डोकंच फिरलं. साधी? ती? शाळेत बाकाच्या कडेसाठी माझ्याशी महिनाभर अबोला धरणारी, बसमध्ये कंडक्टरशी मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत भांडणारी बाई साधी कधी झाली? आणि फुकट तर तिनं काहीच वाटलं नाही. तिनं जे दिलं ते अटीवर दिलं, आणि त्या अटीसाठी ती शेवटपर्यंत भांडत होती. मेलेल्या माणसाला गरीब गाय करून टाकायची ही जी खोड आहे ना आपली, तिचा मला भयंकर राग येतो. म्हणून हे लिहायला बसले.

सुरेखा आमच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरची, धनगराच्या घरातली. आजोबांपर्यंत मेंढरं होती, पुढं शेती आली आणि दारात एक म्हैस राहिली, तिचं नाव गंगी. सुरेखा कलबुर्गीला इंजिनीअर झाली, बेंगळुरूत नोकरी केली आणि वडील गेल्यावर आईजवळ परत आली. गावातूनच कंपन्यांची कामं करायची. एकदा तिच्या आईला, अव्वाला, जमिनीची कसलीशी नोटीस आली. ती वाचून घ्यायला अव्वा भर उन्हात गावभर हिंडली. त्या दिवशी सुरेखा माझ्या दुकानात येऊन तावातावानं बोलत होती. “अव्वाला कन्नड येतंय, मला येतंय, शेजारच्या काकाला येतंय. मग कागद हातात आला की आमी सगळे मुके कामून व्हायलाव?” त्यातून ‘वळख’ झालं. भाषांतर नाही, नुसती लिपी बदलायची. कन्नड तशीच ठेवायची आणि देवनागरीत वाचू द्यायची. आमच्या भागाला नेमकं एवढंच पाहिजे होतं, आणि आमच्या भागाबाहेर ते कुणाला सुचलंही नसतं.

तयार झाल्यावर तिनं ते ओपन सोर्स करून इंटरनेटवर ठेवलं. ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅमच्या आतलं लिहिणं, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तेही सगळ्यांना उघडं. त्याच्यासोबत लायसन्स लावावं लागतं. तिनं लावलं ते सगळ्यात सैल होतं. वापरा, बदला, विका, फक्त माझं नाव राहू द्या. मी दुकानदार बाई, मी विचारलं, “अगं, उद्या कुणी नेलं आणि वरून कुलूप लावून आपल्यालाच विकलं तर?” ती हसली. “काय येड्यावाणी बोलायलीस, मंगल! विरजण नेऊन शेजारणीला न्हाई म्हणणारी बाई बघितलीस का कदी?”

हे विरजणाचं सांगायला हवं. तिच्या आईचं दही नाव काढण्यासारखं. सकाळी वाटी घेऊन बायका दारात येणार, आणि अव्वा प्रत्येकीला देणार. जात विचारायची नाही, भांडण असलं तरी नाही म्हणायचं नाही. दिवा लागल्यावर मात्र देत नसे, तेवढा एक नेम. आणि जिनं नेलं तिच्याकडं दुसरी कुणी मागायला आली तर तिनंही द्यायचं. हे अव्वानं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, कारण ते बोलायची गोष्टच नव्हती. सुरेखाचं तिथंच चुकलं. जे मेहकरात सांगावं लागत नाही ते जगात लिहून द्यावं लागतं, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

पुढं तेच झालं. शहरातल्या एका कंपनीनं ‘वळख’ उचललं, वर रंगरंगोटी केली, दुसरं नाव दिलं, आतलं बंद केलं आणि आमच्याच भागातल्या दुकानांना विकायला काढलं. कंपनीचा माणूस माझ्याही दुकानात आला होता! मी त्याला काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. सुरेखा कलबुर्गीच्या वकीलबाईंकडं गेली. त्यांनी लायसन्स वाचलं आणि सांगितलं, यांनी बेकायदा काही केलेलं नाही, तूच परवानगी दिली आहेस. तिचं नावही कुठल्यातरी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत ठेवलेलं होतं. परतीच्या बसमध्ये ती हुमनाबादपर्यंत तेच लायसन्स परत परत वाचत राहिली. मग म्हणाली, “दिलेलं परत घ्यायचं न्हाई. पर फुडचं बगते आता.”

पुढचं म्हणजे नवं ‘वळख’. जुनेपुराणे, शिक्क्याची शाई पसरलेले, घड्या पडून झिजलेले कागदही त्याला वाचता यायला लागले. निंबर्ग्याच्या एका मास्तरांनी त्यात जुन्या दफ्तरातले उर्दू वळणाचे शब्द घातले. कोहिनूर गावच्या सविता नावाच्या मुलीनं ते साध्या मोबाइलवर चालेल असं केलं. या सविताला सुरेखानं आधी चांगलं झापलं होतं. पोरीनं आपला कोड नुसताच इंटरनेटवर टाकून दिला होता, लायसन्स काहीच नाही. “अगं, काहीच लिहिलं न्हाईस तर कायद्यानं कुणालाच त्याला हात लावता येत न्हाई. दार उघडं दिसतंय म्हणून घर सगळ्यांचं होतंय व्हय? काय चालंल आणि काय चालणार न्हाई ते लिव्ह.” मास्तरांचा आणि सविताचा भाग तिनं त्यांच्याच नावावर ठेवला, आपल्याकडं लिहून घेतला नाही.

आणि नव्या ‘वळख’ला तिनं अट घातली. वापरा, बदला, विका, पैसे कमवा. पण बदल करून दुसऱ्याला द्याल तर आतलं लिहिणंही द्या, आणि याच अटीवर द्या. कुणी ते आपल्याकडंच ठेवून नुसतं वेबसाइटवरून लोकांना वापरू देईल, तर तिथंही हीच अट. “खिडकीतून ताक विकलं तरी विरजण मागणाऱ्याला द्यायचं,” ती म्हणायची. जगात असं लायसन्स आधीपासून आहे, तिनं शोधून काढलेलं नाही. तिनं ते मन लावून वाचलं आणि अव्वाला चुलीपाशी बसून समजावून सांगितलं, एवढंच. अव्वा म्हणाली, “ह्येला येवढं लिव्हायचं काय हुतं?”

धंदेवाले मात्र घाबरले. बसवकल्याणचे शरणप्पाअण्णा दुकानांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करतात, ते माझ्या दुकानात येऊन तिच्यासमोर हात जोडायला लागले. “अक्का, तुमचं ‘वळख’ वापरलं तर माजी सगळी गिऱ्हाइकं, माजा हिशेब जगाला दावावा लागंल म्हणं?” सुरेखा खो खो हसली. “अण्णा, तुमच्या गल्ल्याची किल्ली कोण मागायलंय? दुकानात बसून वापरा की, कुणाला काय बी द्यायचं न्हाई. माजा कोड तुमच्या प्रोग्रॅममदी मिसळून लोकाला विकला, तर मात्र त्यो सगळा प्रोग्रॅम उघडा करावा लागंल. त्ये नको असलं तर दोन्ही येगळे ठिवा. मिसळायच्या आदी इचारा, मिसळल्यावर रडू नका.” अण्णांनी वेगळे ठेवले. आजही त्यांचा धंदा चालतो, आणि ‘वळख’ बसवून द्यायचे, शिकवायचे पैसे सुरेखा त्यांच्याकडून चोख घ्यायची. फुकट म्हणणाऱ्या त्या वक्त्यांनी शरणप्पांना विचारावं.

मग गेल्या वर्षी त्याच कंपनीच्या वेबसाइटवर झिजलेले कागद अचानक छान वाचता यायला लागले. सुरेखा दुकानात आली, माझ्या कम्प्युटरवर ती वेबसाइट उघडली आणि कन्नडमध्ये एकच शब्द टाकला... गंगी. उत्तर आलं, “आधी वैरण टाक.” मी खुर्चीतून पडायची बाकी होते! नव्या ‘वळख’चा कोड लिहिताना गंमत म्हणून तिनं आपल्या म्हशीचं नाव आणि हे उत्तर आत बसवून ठेवलं होतं. चोरांनी म्हशीसकट गोठा उचलला होता आणि त्यांना म्हैस दिसलीच नव्हती. सुरेखा हसत नव्हती. म्हणाली, “आता बगते ह्यांच्याकडं.” कंपनीला नोटीस गेली, एकतर तुमच्या बदलांसह सगळा कोड उघडा करा नाहीतर ‘वळख’ वापरणं थांबवा. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं की फुकट दिलेल्या वस्तूवर कसला हक्क. ती वाचून इतकी भडकली की माझ्या दुकानातला स्टूल लाथेनं उडवला. “मी लिहिलंय म्हणून माजा हक्क! त्या हक्कावरच तर ही अट उभी हाय!” हे भांडण अर्ध्यात असताना ती गेली.

आता खरं सांगायचं ते. ती गेल्यावर महिनाभरात कंपनीचा एक टापटीप माणूस ‘वळख’चा करार घेऊन मेहकरला आला. सुरेखाचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं तिचा हक्क आईकडं आला होता आणि सही आईची पाहिजे होती. दत्तानं मला बोलावून घेतलं. रक्कम चांगली होती. दत्ताच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं की त्याचं मन होतंय, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. घर गळतं, दवाखान्यात बरंच गेलं. मी म्हणाले, “मास्तरांचा आणि सविताचा भाग तुम्हाला मिळणार नाही.” तो गोड हसून म्हणाला, “तेवढं आम्ही नव्यानं लिहून घेऊ, मॅडम. गाभा ताईंचा आहे.” ते खरं होतं. अव्वानं सही केली असती तर सुरेखानं जन्मभर लावून धरलेलं भांडण तिथंच संपलं असतं.

त्यानं मोठ्या सौजन्यानं कराराची कन्नड प्रत काढली. “आजींना कन्नड समजतं ना, म्हणून मुद्दाम आणली.” अव्वाला समजत होतं, वाचता येत नव्हतं, आणि दत्तालाही येत नव्हतं. दत्तानं न बोलता मोबाइल काढला, कागदाचा फोटो घेतला आणि ‘वळख’ उघडलं. मग तो आईला वाचून दाखवायला लागला. आधी भरभर वाचत होता, मग आवाज हळू झाला. “शाश्वतवागि... षरत्तुगळिल्लदे...” तो थांबला. अव्वा म्हणाली, “परत वाच.” त्यानं परत वाचलं. “म्हंजे कायमचं, आन् बिनाशर्तीचं. आसंच की न्हाई?” तिनं त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “हो आजी, पण लोकांकडं आहे ते त्यांच्याकडंच राहील. तुमचं काहीच जात नाही.”

“मग माजी सही कामून लागायलीय?”

तो चाचरला. “म्हणजे... आम्ही केलेले बदल आम्हाला कुणाला द्यावे लागू नयेत, म्हणून.”

दत्तानं मोबाइल खाली ठेवला, कागदाची घडी घातली आणि त्याच्या बॅगेवर ठेवली. “न्या सायेब,” तो म्हणाला, “माज्या भैनीनं लिव्हलेल्यातूनच वाचलं मी हे. आता कसं जमंल?” त्याला हुंदका फुटला. त्या माणसानं रक्कम वाढवून बघितली. अव्वा उठून आत गेली, पेलाभर ताक आणून त्याच्या हातात दिलं, आणि म्हणाली, “पी बाबा, उनाचा आलायस. विरजण पायजे आसलं तर वाटी घिऊन ये. शर्त तीच ऱ्हाईल.”

नोटिशीवर आता अव्वा, मास्तर आणि सविता यांची नावं आहेत. निकाल काय लागायचा तो लागो, आम्ही मागं हटत नाही. माझ्या दुकानात सुरेखाचा तो स्टूल अजून एका पायानं लंगडतो, मी तो दुरुस्त केलेला नाही, त्यावर कुणाला बसूही देत नाही. सकाळी शटर उघडलं की झाडू मारायच्या आधी मी कम्प्युटर सुरू करते, त्या कंपनीची वेबसाइट काढते आणि कन्नडमध्ये गंगी लिहिते. अजून रोज उत्तर येतं, “आधी वैरण टाक.” मी त्याचा फोटो काढून कलबुर्गीच्या वकीलबाईंना पाठवते. ऐकलंत का, साहेब? म्हैस आमची आहे, आणि तिला सगळं आठवतंय.