चिंधीपर्यंतचं पाणी

वस्तीवरून फोन आला तेव्हा मी नगरला दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलो होतो. हौसामावशींची सून सांगत होती, “सायेब, आत्या गेल्या. सकाळी चुलीपुढंच…” मला धड ‘अरेरे’सुद्धा म्हणता आलं नाही.

हौसामावशी म्हणजे पारनेर तालुक्यातल्या आमच्या खडकवस्ती शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई. मी तेव्हा केंद्रप्रमुख, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा. खडकवस्तीचा पट अकरा. वर सरकारच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून कमी पटाच्या शाळा बंद करून पोरं जवळच्या शाळेत पाठवायचं ठरलं, आणि ‘जवळ’ म्हणजे किती हे बघायचं काम माझ्याकडे आलं. मी मोटारसायकलवरून गावातल्या शाळेपर्यंत गेलो, ‘दहा मिनिटं, रस्ता चांगला’ असं लिहिलं आणि सही ठोकली. शाळेला कुलूप लागलं.

किल्ली घ्यायला गेलो तर मावशी शेवटचं पातेलं घासत होत्या. त्यांचंही काम गेलं होतं, पण त्याबद्दल चकार शब्द नाही. “फटफटीवर बसून मोजलं व्हय, सायेब? आता पोरांसंगं चाला की एकदा.” मला रागच आला. केंद्रप्रमुखाला खिचडीवाली शिकवणार! तरी दुसऱ्या दिवशी गेलो, केवळ हट्टाने. डांबरी रस्ता लांबून वळसा घेतो, म्हणून पोरं ओढ्यातून जात. तास लागला. पँट मांडीपर्यंत भिजली, एक चप्पल वाहून गेली आणि पोरं खो-खो हसली. काठावर उभ्या मावशी हसल्या नाहीत. मी पुन्हा अहवाल लिहिला, तालुक्याला खेटे घातले… कुलूप काही निघालं नाही. त्या पहिल्या सहीची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून मावशी रोज पोरांना पोचवायला निघाल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हातात बाभळीची काठी, तिला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली. आधी काठी ओढ्यात उभी करायची. पाणी चिंधीला लागलं की त्या दिवशी शाळा नाही, सगळे माघारी. चिंधी नेमकी कुठे बांधायची हे कसं ठरवता, असं मी एकदा विचारलं. “त्यात काय ठरवायचं? सगळ्यात बारक्या पोराचा गुडघा.” दर जूनला बारकं पोर बदलायचं, चिंधी वर-खाली व्हायची.

निवृत्तीनंतर मीही अधूनमधून सोबत जायचो. माझं पुढे पुढे चालणं त्यांना पटायचं नाही. “मागं ऱ्हावा की. पुढून काय दिसतंय तुमाला?” इतकं रोखठोक मला दुसरं कोणी बोललं नाही, आणि मीही दुसऱ्या कोणाचं इतकं ऐकलं नाही.

दहाव्याला सुनेने ती काठी माझ्या हातात दिली. घरी आणून दाराआड ठेवली. रोज दिसायची, हात लावायचा धीर व्हायचा नाही.

परवा शाळा सुरू झाली. काठी घेऊन सकाळीच वस्तीवर गेलो. पहिलीत आलेली स्वरा यंदा सगळ्यात लहान, जुन्या चिंधीला तिचा गुडघा पोचेना. मावशींनी मारलेली गाठ सोडवायला मला नवे दात लावावे लागले. सोडताना डोळे भरून आले, ते पोरांनी पाहिलं. मग खाली बसून स्वराच्या गुडघ्याशी चिंधी बांधली, पोरांना पुढे घातलं आणि मी मागे राहिलो.