कानबाईच्या गाडीतला काटा

आमच्या ह्यांना पांडेसऱ्याच्या मिलमधून बाहेर काढायचं, त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कापड रंगवण्याच्या खात्यातल्या वाफेनं त्यांची छाती पोखरली होती. जिना चढून आले की उंबऱ्यातच बसायचे. डॉक्टरांनी मिल सोडा म्हणून सांगितलं. सोडून खायचं काय, ते सांगितलं नाही.

म्हणून जुना पिकअप घ्यायचं ठरलं. कापडाच्या गाठी पलसाण्यापर्यंत पोचवायच्या, मोकळ्या हवेत राहायचं. उधन्याच्या बाजूला एक गाडी मिळाली. आम्ही तीनदा पाहायला गेलो. ह्यांनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली, सायलेन्सरपाशी हात धरून धूर पाहिला, पहिल्याच झटक्यात सुरू होते का तेही पाहिलं. दरवेळी व्हायची, कारण दरवेळी आम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम असायचं. मला ते खटकलं, गार गाडीची खोड अशानं कळणार कशी? "भाभी, एन्जिन माखण जेवुं छे," गाडीवाला गुजरातीत म्हणाला, म्हणजे अगदी लोण्यासारखं. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते काही उगाच नाही.

श्रावणातला कानबाईचा सण तोंडावर आला होता. रविवारी ही देवी, आमची बाई, घरात बसते, नैवेद्याच्या पोळ्या म्हणजे रोट होतात, सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. सासूबाईंनी डोकं चालवलं: या वर्षी बाईला त्याच गाडीतून नेऊ. गाडी चांगली असेल तर ती पोचवील. सगळ्यांना ते पटलं. ओझं हलकं, चाल मुंगीची, इंजिनाला त्रास तो कसला? गाडीवालाही लगेच कबूल झाला.

सोमवारी आमच्या डिंडोलीतल्या गल्लीतून मिरवणूक निघाली. मागे चौरंगावर कानबाई, भोवती सासूबाई, जावा, शेजारणी आणि पोरं. माझी पाच वर्षांची लेकही त्यांच्यातच. गाडी हे चालवत होते, शेजारी मी. त्या गाडीचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली होतं. पुढे बँड, बँडपुढे नाचणारे. गाडी दोन पावलं सरकायची आणि थांबायची. वारा कुठून लागणार?

थोड्या वेळानं माझ्या पिंडरीला झळ लागायला लागली. मी पाय आखडून घेतला. मग चपलेतूनही चटका बसायला लागला. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या समोरच्या घड्याळाकडे मी पाहिलं, काटा अगदी मधोमध होता. म्हटलं, आपणच भित्र्या. पण मग जळक्या रबराचा वास आला. पुढे पुलाचा चढ होता. मागे बायका गाणी म्हणत होत्या, त्यांत माझ्या लेकीचा आवाज वेगळा कळत होता.

थांबवा म्हणावं, तर बाई बसलेली गाडी वाटेत बंद पडणं म्हणजे अपशकुन. सगळी भावकी म्हणणार, बाईनंच नको म्हटलं. मग गाडी गेली, आणि हे पुन्हा त्या वाफेत. मी जीभ चावून बसले.

चढाला लागताच इंजिन गुरगुरलं आणि गाडी मागे ओढली जातेय असं वाटलं.

"गाडी उभी करा," मी ओरडले. "मना पाय भाजी राह्यनात!"

"काटा तर जागावरच से," हे म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

"उभी करा म्हणते ना!"

त्यांनी हँडब्रेक ओढला. कुणीतरी चाकाखाली दगड लावला. झाकण उचललं तसा वाफेचा लोट छतापर्यंत गेला. बायका पोरांना घेऊन भराभर उतरल्या. मी आधी लेकीला कडेवर घेतलं, तिला चाचपून पाहिलं, मग मला रडू फुटलं. सासूबाई मात्र डगमगल्या नाहीत. त्यांनी चौरंग उचलून डोक्यावर घेतला. "बाई कायम डोकावरच गयी से," म्हणाल्या आणि बँडवाल्यांना वाजवायला सांगून चालू लागल्या.

आम्ही दोघं गाडीपाशी राहिलो. वाफ ओसरली, इंजिन बंद होतं, तरी काटा मधोमधच. मी बोटानं काच ठोकली. तो हलला नाही.

"मरेल से तो," हे म्हणाले. "पहिला दिनपाइन माले ठाऊक व्हतं."

माझा संताप मस्तकात गेला. "मंग लेकीले मांगे कशी बसाडी तुम्ही?"

वाफेनं ठसका लागला होता, ते वाकून खोकत राहिले. खोकला थांबल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"माले परत तठे मिलमा धाडू नको," ते म्हणाले.

गाडी आम्ही न घेताच परत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला रोट त्यांच्या डब्यात भरला, आणि ते पहिल्या पाळीला मिलमध्ये गेले.