बोर्डात आलेला माणूस

जानेवारी २००५. पोस्टिंग अलास्का, लाइट इन्फंट्री, दुसरी प्लाटून. सकाळी ०६३० ला फॉर्मेशन, म्हणजे हजेरीची रांग. तापमान उणे चार, फॅरनहाइटमध्ये. सेल्सियस करून पाहिलं, त्यानेही काही बरं वाटलं नाही.

मी नागपूरचा. बारावीनंतर आई-बाबांबरोबर ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलो. मामा प्लेनोला होता, आई-बाबा तिथेच राहिले. मी इंजिनिअर व्हायला स्टेट कॉलेजला गेलो आणि दोन वर्षांत झालो नाही. मग एका दुपारी रिक्रूटरच्या ऑफिसात शिरलो. का, हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. लोक विचारतात, देशसेवा म्हणून का? खरं सांगायचं तर थर्मोडायनॅमिक्समुळे.

देशपांडे हे नाव अमेरिकन सार्जंटच्या तोंडात मावत नाही. आमचे स्टाफ सार्जंट ओर्टिझ पहिल्याच दिवशी माझ्या छातीवरची पट्टी वाचताना मध्येच थकले आणि म्हणाले, "तू अल्फाबेट." तेव्हापासून मी अल्फाबेट.

त्या महिन्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: प्रमोशन बोर्ड. स्पेशालिस्टचा सार्जंट व्हायचं तर पाच जणांच्या बोर्डासमोर उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. मी जेवताना, बूट पुसताना, संडासात, सगळीकडे ते गाइड पाठ करत होतो. त्या सकाळी ओर्टिझ हातात क्लिपबोर्ड घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, इथे बोर्ड कोण करतं? अ‍ॅडव्हान्स्डच पाहिजेत, शिकाऊ नकोत.

एक हात वर गेला, स्पेशालिस्ट टकरचा. माझ्याच बाजूच्या खोलीतला, व्हरमाँटचा, उंच, तेवीस वर्षांचा. दुसरा हात माझा.

ओर्टिझ थांबले. "अल्फाबेट? तू? कुठे केलंस?"

आता, नागपूरच्या पोराला बोर्ड म्हटल्यावर काय आठवणार? मी ताठ उभा राहून खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "नागपूर बोर्ड, सार्जंट. बोर्डात आलो होतो. मेरिट लिस्ट."

"नागपूर. ते हिमालयात?"

"इंडियात, सार्जंट."

त्यांनी ओठ बाहेर काढून मान हलवली आणि लिहून घेतलं. मेरिट हा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केलेला मी पाहिला. मला वाटलं, प्रमोशन पक्कं.

दहा मिनिटांनी सप्लाय रूममध्ये टेबलावर दोन स्नोबोर्ड ठेवलेले दिसले तेव्हा मला परिस्थिती समजली. तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ओर्टिझ आमच्या कंपनीच्या, म्हणजे तुकडीच्या, कॅप्टनना सांगत होते की, सर, या मुलाने हिमालयात मेडल मिळवलंय. कॅप्टननी माझ्याशी हात मिळवला. मी तोंड मिटलं.

काम असं होतं. एका छोट्या कारखान्याने चाचणीसाठी दोन फ्रीराइड बोर्ड पाठवले होते. फ्रीराइड म्हणजे तयार केलेल्या उतारावर नाही, तर जिथे कोणी रस्ता केलेला नाही अशा डोंगरावरून उतरायचं. बोर्ड लांब, जड आणि स्टिफ, म्हणजे कडक. दोन्ही टोकं धरून वाकवायला गेलं तर आपणच वाकतो. सहा आठवडे, दर आठवड्याला एक फेरी, पाठीवर पस्तीस पौंडांचं ओझं. पकड, वेग, खोल बर्फात तरंगणं, वळणं, अशा रकान्यांचा फॉर्म भरायचा आणि खाली दोन अ‍ॅडव्हान्स्ड रायडर्सनी सही करायची. अहवाल चांगला आला तर कॅप्टन चार जणांची विंटर टीम करणार होते, गस्तीला आणि इतर कंपन्यांना शिकवायला. ती टीम पोस्टवर, म्हणजे इथेच तळावर, राहणार होती. बाकी कंपनी ऑगस्टमध्ये इराकला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तू सैन्यात आहेस की सर्कशीत?"

पहिल्या फेरीला टकरने मला विचारलं, रेग्युलर की गूफी? मला वाटलं, गूफी म्हणजे बावळट. म्हटलं, अर्थातच रेग्युलर. प्रत्यक्षात ते कुठला पाय पुढे याचं नाव आहे आणि माझा उजवा पाय पुढे हवा होता. हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं. तोवर मी डावा पुढे ठेवून पडत होतो. नंतर उजवा ठेवून पडू लागलो.

त्या दिवशी पट्टे बांधून उभा राहिलो आणि जागच्या जागी तोंडावर आपटलो. उतार लागायच्या आधीच. टकर माझ्याकडे बघत राहिला. मी बर्फात पडल्या पडल्या त्याला दहावी-बारावीचं बोर्ड, मेरिट लिस्ट, शाळेतला सत्कार, सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्यालाही बसावं लागलं.

मग म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. दोन्ही बोर्ड मी चालवतो. तू लिही."

मी म्हटलं, हे ठीक नाही.

"माझी बायको जेना प्रेग्नंट आहे," तो म्हणाला. "सप्टेंबर. मला ती टीम हवी आहे."

एवढंच. त्यानंतर मी काही विचारलं नाही.

तर असं आमचं मूल्यमापन सुरू झालं. टकर उतरायचा, धापा टाकत परत यायचा, दुसरा बोर्ड घेऊन पुन्हा उतरायचा आणि काय वाटलं ते सांगायचा. मी लिहायचो. मधल्या वेळात तो मला शिकवायचा. मऊ बोर्ड तुमची चूक पोटात घालतो. कडक बोर्ड म्हणजे माझे हायस्कूलचे हेडमास्तर. तुम्ही काय म्हणताय ते त्यांना कळायचं, पण ठामपणे म्हणालात तरच ते ऐकायचे. अर्धवट वळलात की बोर्डाची कड बर्फात रुतायची आणि तुम्ही आकाशाकडे बघत असायचा. सहा आठवड्यांत मला एकच गोष्ट आली. बोर्ड आडवा धरायचा, टाचांवर भार द्यायचा आणि जिना पुसल्यासारखं घासत घासत खाली यायचं. टकर त्याला 'देशपांडे टेक्निक' म्हणायचा. एरवी अल्फाबेट म्हणणारा माणूस आडनाव फक्त याच्यासाठी नीट शिकला.

फॉर्मवर मात्र सगळं उत्तम होतं. 'ओझ्यासह वळणं: सहज.' सहज, पण टकरला. ते मला माहीत होतं. दर शुक्रवारी १६०० ला सही करायची वेळ आली की मला बसवायचं नाही. पेन ठेवायचो, पाणी प्यायला जायचो, परत यायचो. ती टीम झाली तर चार जण हे बोर्ड घालून डोंगरावर जाणार, आणि त्यातले दोन कदाचित माझ्यासारखेच असणार. टकर माझ्याकडे न बघता म्हणायचा, सही कर, जेवायला जाऊ. मी करायचो. जेवण मात्र जायचं नाही. बंकवर पडलो तरी कूस बदलत राहायचो, म्हणून उठून सॉक्सच्या घड्या घालायचो. माझ्या इतक्या नीट घड्या कंपनीत कोणाच्याच नव्हत्या. ओर्टिझनी त्याबद्दल शाबासकीसुद्धा दिली.

सहावी आणि शेवटची फेरी फेब्रुवारीच्या शेवटी. आदल्या दिवसभरात दोन फूट नवा बर्फ पडला होता. १०४० ला स्नोकॅटने, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीने, आम्हाला डोंगराच्या धारेवर सोडलं. खाली ओर्टिझ रेडिओ आणि स्टॉपवॉच घेऊन उभे. त्यांच्याबरोबर त्या दिवशी कॅप्टनही. नियम एक: बडी, म्हणजे आपला जोडीदार, नजरेआड होता कामा नये.

११०५ ला आम्ही निघालो. पहिल्या शंभर मीटरांत मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा माझ्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांत, बर्फ भरला आणि तो निघेना. टकर खाली थांबला होता, वर बघत होता. स्टॉपवॉच चालू होतं. मी हाताने खूण केली, तू जा. हे मी केलं, त्याने मागितलं नव्हतं. तो आणखी क्षणभर थांबला आणि झाडांत शिरला.

रेडिओवर टकर टू-वन, मी टू-टू. ओर्टिझ: "टू-वन, टू-टू कुठे आहे?"

टकर: "माझ्या मागेच. ओव्हर."

तेव्हा १११८ झाले होते.

मी बाइंडिंग साफ करून घासत घासत झाडांच्या वरच्या कडेपर्यंत आलो. "टू-वन, पोझिशन," ओर्टिझ विचारत होते. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मी खाली पाहिलं. दीडशे मीटरवर एका मोठ्या स्प्रूसच्या बुंध्याजवळ बर्फातून एक लाल फळी वर आली होती, उलटी. बोर्डाचा तळ. बाकी काही दिसत नव्हतं.

अशा झाडांखाली फांद्यांमुळे बर्फ घट्ट बसत नाही, बुंध्याभोवती पोकळ विहीर राहते. माणूस डोक्यावर पडला की वरचा भुसभुशीत बर्फ त्याच्यावर कोसळतो. पाय बोर्डाला बांधलेले असतात, म्हणून सरळ होता येत नाही. श्वास संपेपर्यंतचा वेळ असतो, तेवढाच.

घासत गेलो असतो तर फार वेळ लागला असता. मी बोर्डाचं तोंड खाली केलं आणि सोडून दिलं.

सरळ जाणं ही त्या बोर्डाची सगळ्यात आवडती गोष्ट होती. तो थरथरला नाही, डगमगला नाही, रेल्वेसारखा गेला. 'वेगातलं स्थैर्य' हा एक रकाना सहा आठवड्यांत मी स्वतः तपासला तो असा. थांबायचं कसं हा प्रश्न होता. तो शेजारच्या झाडाने सोडवला. दोन बरगड्या गेल्या, ते नंतर कळलं.

पट्टे काढून रांगत गेलो, फावडं काढलं आणि बोर्डाच्या बाजूने खणलं. आधी हेल्मेट लागलं, मग गाल. तोंडात बर्फ होता, तो बोटांनी काढला. ओठ निळे. मी त्याच्या कानाशी काहीतरी ओरडत होतो, बहुधा मराठीत. मग तो खोकला.

११२६.

बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. नंतर डोळे उघडून, अजून अर्धा उलटाच, त्याने विचारलं, "वळलास?"

"नाही."

"वाटलंच."

मी रेडिओ घेतला. "टू-टू. वन डाउन. ब्रीदिंग. ओव्हर."

ओर्टिझ म्हणाले, "रॉजर. हलू नका."

१४०० ला कॅप्टनच्या ऑफिसात. टकर तपासणी करून आलेला, चेहरा पांढरा. माझ्या छातीला पट्टा. कॅप्टनचा एकच प्रश्न होता: तुम्ही दोघं दीडशे मीटर लांब कसे?

टकर म्हणाला की अल्फाबेटचं बाइंडिंग जाम झालं, म्हणून टकर स्वतः खाली थांबला होता, थांबल्या जागी बर्फ सरकला आणि तो विहिरीत गेला. उपकरणाचा दोष, सर. बोर्ड चांगले आहेत, बाइंडिंग बदलून घेऊ.

कॅप्टननी ते लिहिलं. त्यांना ते पटत होतं, मला दिसत होतं. अजून एक वाक्य, माझी मान एकदा हलली असती, की प्रकरण मिटलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंच झालं?"

मी आजवर हा किस्सा आता राहतो त्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी मंडळात निदान दहा वेळा सांगितला असेन. इथपर्यंत येतो आणि थांबतो. लोक हसतात, टाळ्या देतात, काकू म्हणतात, देशपांडे, तुम्ही ना! पुढचं पहिल्यांदाच लिहितोय.

मी म्हणालो, "नाही, सर. मला बोर्ड चालवता येत नाही."

आणि मग सगळंच सांगितलं. नागपूर, मेरिट, सह्या, सहज या शब्दाचा अर्थ. त्या चार जणांच्या जिवाची काळजी होती, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. सहा आठवडे जी चुळबुळ मला बसू देत नव्हती ती मला थांबवायची होती. ती थांबली. बोलत असतानाच थांबली. मला हलकं वाटलं, आणि टकर माझ्या शेजारी समोरच्या भिंतीकडे बघत उभा होता.

फॉर्म रद्द झाले. बोर्ड परत गेले. विंटर टीम झाली नाही. मी स्पेशालिस्टचा पुन्हा प्रायव्हेट फर्स्ट क्लास झालो, वर पंचेचाळीस दिवस जादा ड्युटी. टकर मरता मरता वाचला म्हणून त्याला फक्त ताकीद.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो म्हणाला, "बरोबर केलंस, अल्फाबेट." चार पावलं गेला, वळला. "परत करू नकोस."

दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दार ठोठावून माझी टूथपेस्ट मागितली.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे इराकला गेलो. सप्टेंबरमध्ये मुलगी झाली. टकरने फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि आख्ख्या प्लाटूनला एकेक करून स्क्रीनसमोर बसवलं. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी ०९१५ ला त्याची गाडी पुढे होती, माझी तिच्या मागे. त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, फार पटकन झालं.

२००८ मध्ये सैन्यातून सुटून मी अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये लागलो होतो. मार्चमध्ये सुट्टी घेतली आणि ड्राइव्ह करत व्हरमाँटला गेलो. जेनाला आधी फोन केला होता, पण काय सांगायचंय ते बोललो नव्हतो. रस्त्यात तीनदा गाडी थांबवली, एकदा तर परत फिरवली आणि पुढच्या एक्झिटला पुन्हा वळवली.

स्वयंपाकघरात बसून तिला सांगितलं. आधी हसण्यासारखं होतं ते, मग ऑफिसातलं. की तो अलास्कातच थांबू शकला असता. की मी बोललो म्हणून नाही थांबला. मुलगी जमिनीवर बसून एका डब्यात चमचे भरत होती आणि काढत होती.

जेना ऐकत होती. मला वाटलं, जा म्हणेल. त्याची तयारी होती. तिने विचारलं, "त्या झाडाखाली तो किती वेळ होता?"

"सात-आठ मिनिटं."

ती त्यानंतरचे महिने बोटांवर मोजू लागली. मार्च, एप्रिल, मे. नोव्हेंबरपर्यंत मोजलं आणि हात टेबलावर ठेवला. मला माफ केलं की नाही, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मग तिने मुलीला जाकीट घातलं आणि म्हणाली, चल, बाहेर बर्फ आहे, हिला थोडं फिरवून आणू.

आम्ही तिघं घरामागच्या उतारावर गेलो. उतार लहानच होता. टकर तिथेच शिकला होता, ती म्हणाली, पाच वर्षांचा असताना.

स्पेशालिस्ट टकर. वय चोवीस. इतक्या फेऱ्यांत मी त्याला बर्फावर एकदाच पडलेला पाहिला.